षड्ज, पंचम आणि एक भोक

मिरजेतल्या आमच्या गल्लीत कायमचे आवाज दोनच. एक समोरच्या चाचांच्या कारखान्यातल्या तंबोऱ्यांचा आणि दुसरा माझा. पहिला विकत घ्यायला पुण्या-मुंबईचे, धारवाडचे गवई येतात. दुसरा आमची ही गेली छत्तीस वर्षं फुकट ऐकते आहे. मी तीस वर्षं हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलायची सवय घशाला एकदा लागली ती लागलीच.

गेल्या माघात या दोन आवाजांत तिसऱ्याची भर पडली. गल्लीतला रस्ता नुकताच चांगला झाला होता, त्यामुळे तो आता खोदला जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. फक्त कोण खोदणार एवढीच उत्सुकता होती. ती अजूनही आहे, कारण खोदणाऱ्यांनाही ते नक्की सांगता आलं नाही. एका सकाळी ट्रॅक्टरने दोन चाकांचं एक पिवळं धूड ओढत आणलं आणि बरोब्बर आमच्या फाटकासमोर सोडलं. त्याला दोन काळे पाइप जोडले गेले, दोन पोरांनी दोन ब्रेकर उचलले आणि गल्लीतली एकूण एक कपबशी थरथरू लागली.

"कॉम्प्रेसर," मी हिला सांगितलं. "हवा दाबून भरायचं यंत्र."

"दाबून भरायला यांना हवाच मिळाली का?" म्हणत ती डबे फळीवरून खाली काढायला गेली.

दुपारी ब्रेकर थांबले तेव्हा चाचा माझ्या ओट्यावर येऊन बसले. चाचांच्या घरात चार पिढ्या तंबोरे होतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, पण भोपळ्याचा तंबोरा व्हायला जो कान लागतो तो या गल्लीत पिकतो. मला वाटलं, गाऱ्हाणं सांगायला आले असतील. चाचा डोळे मिटून त्या पिवळ्या धुडाकडे कान लावून बसले. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "सर, मशीन सुरात आहे."

"काय?"

"आत्ता सा लावलाय. पोरं ठोकायला लागली की प लावेल. बघा तुम्ही."

पोरांनी ब्रेकर दाबले. इंजिनाचा आवाज भरत भरत वर गेला आणि एका जागी स्थिर झाला. चाचांनी मांडीवर थाप मारली. "पंचम! आणि जाताना मींड घेऊन गेला, उडी मारून नाही. तालीम आहे."

आता मी पडलो मास्तर. कानावर विश्वास ठेवणं आमच्या शास्त्रात बसत नाही. मी खाली उतरलो, यंत्राच्या बाजूचं दार उघडं होतं तिथून फेरे दाखवणारा काटा पाहिला. ब्रेकर बंद असताना १४००, चालू असताना २१००. दोनास तीन. षड्ज आणि पंचमाचं गुणोत्तर हेच. घरी येऊन कागदावर पुढचा हिशेब मांडला. इंजिन चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं, म्हणजे एका फेऱ्यात दोन स्फोट. मिनिटाला १४०० फेरे, तर सेकंदाला साधारण ४६.७ स्फोट. चाचांना विचारलं, "सा कुठला म्हणता?" त्यांनी पेटी न उघडताच सांगितलं, "काळी तीन. लई खाली, लई खर्जात, पण काळी तीनच. जरा चढी." काळी तीनचा तेवढ्या खालचा स्वर ४६.२५ ला येतो. चढी म्हणजे चढीच. मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि हा विषय हिच्याजवळ काढला नाही.

पण प्रश्न राहिला. इंजिनाला कोण सांगतं, की आता पोरांनी ब्रेकर उचलले, वर जा? यंत्राजवळ तर माणूस नव्हता. ऑपरेटर पिंपळाखाली पेपर वाचत बसला होता, तोही आदल्या दिवसाचा.

हा ऑपरेटर जत तालुक्यातला. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. सगळी पोरं त्याला मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्याची निम्मी हयात जतच्या बाजूला विहिरी फोडण्यात गेली होती. आधी ट्रॅक्टरवरचा पिस्टनचा कॉम्प्रेसर, फटफट करणारा. मग हा स्क्रूचा. "पिस्टनवाला म्हंजे बुलेट, सर," मामा म्हणाला, "आन् ह्यो म्हंजे दळणाची गिरण. थांबत न्हाई, नुसता गिळतोय."

त्या गिळण्याचीच गंमत आहे. आतमध्ये दोन जाडजूड पिळदार दांडे एकमेकांत गुंतून फिरतात. एकाला फुगीर पाळ्या असतात, त्याला नर म्हणतात. दुसऱ्याला खोलगट, ती मादी. नराला बहुधा चार पाळ्या आणि मादीला सहा, म्हणून नराचे तीन फेरे होतात तेव्हा मादीचे दोन. (हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. "म्हणजे आतपण पंचम. तेच म्हणतो मी.") दोघं आयुष्यभर असे एकमेकांत गुंतून फिरतात आणि तरी एकमेकांना टेकत नाहीत, कारण दोघांच्या मध्ये तेल असतं. हे तेल दाबलेल्या हवेची उष्णताही शोषून घेतं. तेल संपलं की दोघं एकमेकांना खातात. इथे मी हिचं नाव घेणार होतो, पण लेख ती वाचते.

या पिळाची कल्पना तशी जुनी. हॅनोव्हरच्या हाइनरिश क्रिगर नावाच्या जर्मनाने १८७८ साली तिचं पेटंट घेतलं, पण तसे दांडे घडवणारी यंत्रंच तेव्हा नव्हती. पेटंट कागदावर राहिलं. पुढे १९३० नंतर स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने ते जमवलं, आणि तेल घालायची युक्ती त्याच्याही नंतर, १९५० च्या दशकात आली. आज आपल्याकडे बोअर मारायला तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडच्या गाड्या येतात, त्यांच्या पाठीवरही हाच पिळाचा संसार असतो, फक्त मोठा.

तर हे जोडपं एकदा फिरू लागलं, की प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा गिळून पुढच्या टाकीत ढकलणार. पुढे कुणाला हवा पाहिजे आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आमच्या एका आत्याबाई अशाच वाढायच्या. ताटात बघायच्या नाहीत. ब्रेकर बंद असले आणि हे असंच चालू राहिलं तर टाकी फुगत जाणार, आणि लोखंडाची टाकी फुग्यासारखी फुटत नाही, बॉम्बसारखी फुटते.

मग करायचं काय? मला पहिलं आठवलं ते आमचं स्वयंपाकघर. कुकरचा दाब वाढला की शिटी उचलली जाते, वाफ बाहेर, दाब जागेवर. ही शिटीसुद्धा खानदानी आहे. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला असंच एक घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं, आणि ते फुटू नये म्हणून वर तरफ आणि वजनाची झडप बसवली. १६८२ च्या एप्रिलमध्ये त्याने सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण वाढलं. जॉन इव्हलिन त्या पंगतीला होता. त्याने रोजनिशीत नोंद केली आहे, की कठीण हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती. विज्ञानाच्या इतिहासात पंगतीची नोंद क्वचित सापडते, म्हणून मुद्दाम सांगितली.

"म्हणजे याला कुठेतरी शिटी असणार," मी मामाला म्हणालो.

"हाय की. ही सेफ्टी." त्याने टाकीवरचा पितळी वॉल दाखवला. "पर ती वाजली म्हंजे माझी लाज गेली. ती रोज वाजायला लागली तर डिझेल जाळून हवा गगनात सोडायची. मालक मला ठेवंल व्हय?"

इथे मला कुकर आणि कॉम्प्रेसर यांतला फरक उमगला. शिटी जास्तीचं बाहेर फेकते. चूल मात्र खाली भडकलेलीच असते, तिला कुणी काही सांगत नाही. कॉम्प्रेसरमध्ये मात्र चुलीलाच निरोप जातो: बाई, जरा बारीक हो. हा निरोप नेणारा जो पोस्टमन, त्याचं नाव प्रेशर रेग्युलेटर.

मी त्याला शोधत होतो तो निदान डब्याएवढा असेल या समजुतीने. मामाने बोट ठेवलं ते मुठीत मावेल अशा एका पितळी डबीवर. टनभर वजनाचं धूड, शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ न देणारा गोंगाट, आणि या सगळ्याचा कारभार पेढ्याच्या पुड्याएवढ्या डबीकडे. डबीत एक पातळ पडदा, पडद्यावर एक स्प्रिंग, स्प्रिंगवर एक स्क्रू, स्क्रूवर चेकनट. टाकीतून एक बारीक नळी येते ती पडद्याच्या खाली. टाकीतला दाब पडद्याला वर ढकलतो, स्प्रिंग त्याला खाली दाबते. सात किलोपर्यंत स्प्रिंग जिंकते आणि डबी मिटलेली राहते.

"सात किलो काय?" मी विचारलं. तीस वर्षांचा मास्तर जागा झाला होता. "किलो हे दाबाचं एकक नाही. किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणा, नाहीतर पास्कल म्हणा."

"पास्कलमधी किती व्हतंय?"

मी तोंडी हिशेब केला. "जवळजवळ सात लाख."

मामा दचकला. "एवढं नगं बाबा. सात किलो बास."

दाब सात किलोच्या वर सरकला की पडदा उचलला जातो आणि थोडी हवा डबीतून पुढच्या नळीत शिरते. ही नळी पुढे दोन घरी जाते. एक फाटा जातो स्क्रूच्या तोंडाशी, जिथून बाहेरची हवा आत येते. तिथे एक झडप असते. निरोपाची हवा आली की तिच्यावरचा पिस्टन सरकतो आणि झडप मिटू लागते. म्हणजे गिळणाऱ्याचं तोंडच दाबायचं. दुसरा फाटा जातो इंजिनाच्या रेसकडे. रेस उतरते, २१०० चे १४०० होतात, प चा सा होतो. हे एकदम होत नाही. दाब जसा चढेल तसं तोंड हळूहळू मिटतं. सव्वासात, साडेसात, आठ, आणि साडेआठ किलोला झडप पूर्ण बंद. चाचांना जी मींड ऐकू आली होती ती हीच. स्वराला स्वर लागून जातो कारण पडदा उचलला जातो तो केसाएवढा, मग दोन केसांएवढा.

इतका सभ्य कारभार मी आजवर फक्त एका संस्थेत पाहिला होता, आणि तीही नंतर बंद पडली.

डबीवरच्या त्या स्क्रूवरून मात्र रोज भांडण. ठेकेदाराचा एक सुपरवायझर दिवसातून दोनदा मोटरसायकलवरून यायचा, कानाला फोन लावलेलाच. खोदकाम किती झालं ते बघायचा आणि ओरडायचा, "मामा, टाईट कर! दहा किलो कर!" त्याचं तर्कशास्त्र सरळ होतं. स्क्रू आवळला की स्प्रिंग घट्ट होते, रेग्युलेटर उशिरा उचलतो, दाब वाढतो, ब्रेकर जोरात आपटतो, रस्ता लवकर फुटतो, आणि याचा फोन लवकर खाली ठेवला जातो. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी खरंही आहे. पण दर किलोमागे इंजिनावरचा भार सहा-सात टक्क्यांनी चढतो, पाइप सात किलोच्या हिशेबाचे, ब्रेकरही सात किलोच्या हिशेबाचे, आणि सेफ्टी वरून बघतच असते. मामा निमूटपणे पाना घ्यायचा, चेकनट सोडवायचा, खाली वाकून कपाळाला आठ्या घालायचा, आणि चेकनट होता तसा आवळायचा. स्क्रूला हातसुद्धा लावायचा नाही.

"झालं, सायेब."

"आता कसा आवाज बदलला बघ!" सुपरवायझर म्हणायचा आणि समाधानाने निघून जायचा. चाचा ओट्यावरून मला हळूच सांगायचे, "काही बदलला नाही. काळी तीन."

अशा रीतीने आठवड्याभरात मी त्या यंत्राचा पंडित झालो. गल्लीतल्या चार जणांना जमवून झडप, रेस, पडदा सगळं समजावून सांगितलं. निवृत्तीनंतर एवढा वर्ग पहिल्यांदाच मिळाला होता. एक गोष्ट मात्र मला खुपत होती. रेग्युलेटरपासून निघालेल्या त्या निरोपाच्या नळीवर, स्क्रूच्या तोंडाजवळ, एक बारीकसं भोक होतं. मिलिमीटरभराचं असेल. ब्रेकर बंद असले की त्यातून सारखी हवा निसटायची. फिस्स्स. इंजिन सा लावून बसलं की हे वर बारीक फिस्स्स. मला वाटलं, गळती आहे. नळी जुनी, कुठेतरी चिरली असेल. इतकं नीटनेटकं यंत्र आणि त्याला गळकी नळी! वर्गात मी सायकलच्या पंपाला बोट लावून शिकवायचो: हवा निसटली की काम वाया गेलं. आमच्या घरातले नळही माझ्या या तत्त्वापायी दर दोन महिन्यांनी वॉशर बदलून घेतात.

मामा जेवायला गेला होता. पोरं पिंपळाखाली आडवी झाली होती. यंत्र सा धरून उभं. दाराची फळी उघडी. मी आमच्या अंगणातल्या खराट्याची एक काडी मोडून घेतली. निमुळतं टोक भोकात अलगद बसलं. थोडं दाबलं. फिस्स्स थांबलं. मी हात झटकले आणि वर येऊन पडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला दुपारची झोप लागली.

(कुणी हे घरी किंवा दारी करून बघू नये. चालू यंत्राच्या दाराआड हात घालणाऱ्या मास्तरला बडतर्फ करायला हवं. मी आधीच निवृत्त होतो म्हणून वाचलो.)

जाग आली ती आरडाओरड्याने. गॅलरीत येऊन बघतो तर खाली सगळी गर्दी. पोरांनी ब्रेकर उचलले होते. पहिला मिनिटभर दणदणाट झाला, मग ब्रेकरचा जीव गेला. डांबरावर नुसता टुकटुक टुकटुक करत होता, सुतार पक्षी म्हातारा झाल्यासारखा. टाकीचा काटा साडेआठवरून घसरत चारावर येऊन टेकला होता. इंजिन मात्र खुशाल. १४०० फेरे. त्याला पत्ताच नाही की पुढे उपासमार चालली आहे.

सुपरवायझर आला. त्याने पहिल्यांदा टाईट करायला सांगितलं. मग डिझेलचा फिल्टर बघायला सांगितला. डिझेलचा फिल्टर काढून, झटकून, परत लावला. हवेचा फिल्टर काढला, त्यातून किलोभर धूळ निघाली (हा किलो खरा), परत लावला. एकाने इंजिनाच्या रेसला हाताने ताण दिला, तेव्हा फेरे वाढले, पण काटा चारावरचा हलेना. वाढलेल्या फेऱ्यांनी गिळायचं काय? तोंड मिटलेलं. कोल्हापूरच्या मेकॅनिकला फोन झाला. तो म्हणाला, एअर एंड गेला असेल, उतरवावा लागेल. एअर एंड म्हणजे ते जोडपंच. सुपरवायझरने कपाळाला हात लावला. मीही लावला, वरून.

इतक्यात चाचा कारखान्यातून बाहेर आले. त्यांच्या हातात सुताचा दोरा होता, घोडीवरच्या तारेखाली घालून जवारी लावण्याचा. यंत्राजवळ उभं राहून त्यांनी ऐकलं आणि मामाला म्हणाले, "मामा, मशीनचं काही बिघडलं नाही. सा पक्का आहे. फक्त पंचमाला जात नाही. आणि वर एक बारीक फिस्स आवाज असायचा, तो आज नाही."

मामाचे हात थांबले. त्याने नळीवर बोट फिरवलं, वाकून पाहिलं, आणि भोकातून ती काडी उपटली. फुस्सकन् हवा सुटली. पुढच्याच क्षणाला इंजिनाने मींड घेतली, एकोणीसशे, दोन हजार, एकवीसशे. काटा उठला. पंचम लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"ही काडी कुणाची?" मामाने विचारलं.

गल्ली गप्प. मी गॅलरीत कठड्याआड.

फाटकातून आमची ही बाहेर आली, काडी हातात घेऊन निरखली आणि म्हणाली, "आमच्या खराट्याची. कालच बांधलाय."

नंतर मामाने मला पिंपळाखाली बसवून जे शिकवलं, ते मी तीस वर्षांत वर्गात इतक्या थोड्या शब्दांत कधी शिकवू शकलो नव्हतो. "आवो सर, रेगुलेटर हवा पाठवतोय, तोंड मिटतंय. बरं. आता पोरांनी हवा वापरली, टाकी उतरली, रेगुलेटर बंद झाला. पर आधी पाठवलेली हवा नळीत हाय न्हवं? ती कुठं जाणार? ती बसली दाबून. तोंड उघडायचं कसं? म्हणून ते भोक. ते सारखं थोडं थोडं सोडतंय, म्हणून मागची गोष्ट मागं राहत न्हाई."

म्हणजे मी निरोप अडवला नव्हता. मी जुना निरोप कायमचा करून टाकला होता. 'बारीक हो' असं एकदा सांगितलं, आणि ते पुसायची सोयच बंद. इंजिन बिचारं दोन तासांपूर्वीच्या हुकमावर चाललं होतं. काही कचेऱ्यांत अशी परिपत्रकं पाहिली आहेत, पण तिथे काडी कुणी घातली ते सापडत नाही.

"नशीब, हिकडचं भोक बुजवलंत," मामा पुढे म्हणाला. "टाकीकडनं रेगुलेटरला येणारी नळी चोंदली असती तर उलटं झालं असतं. रेगुलेटरला दाब कळलाच नसता. तोंड उघडंच, रेस फुल, आन् काटा चढत चढत सेफ्टीपातूर. मग मात्र कानठळ्या." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "पर तुमी काय पहिले न्हाई. जतला एकदा पावसाळाभर मशीन उभं होतं. कुंभारमाशीनं त्याच भोकात घर बांधलं मातीचं. आमी चार दीस मशीन खोललं, सगळं बदललं, हिशेब केला अठरा हजाराचा. शेवटी सापडलं काय, तर मातीचा दाणा."

कुंभारमाशीच्या पंगतीला बसवल्यावर माझा संकोच थोडा कमी झाला.

शेवटच्या दिवशी यंत्र बंद करतानाही मी तिथेच होतो, पण हात पाठीमागे बांधून. मामाने आधी पाइपचे वॉल मिटले, इंजिन पाचेक मिनिटं सा वर ठेवलं, मग किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि टाकीतून एक लांबलचक फुऽऽऽस निघालं. आपोआप उघडणारा आणखी एक वॉल, टाकी रिकामी करणारा. मला वाटलं, किल्ली फिरवल्याबरोबर झटकन रिकामी का करत नाहीत? त्याचंही कारण निघालं. दाब एकदम सोडला की तेलात विरलेली हवा फसफसते, सोड्याची बाटली उघडल्यासारखी, आणि तेलाचा फेस सगळीकडे उडतो. आणि हा दाब पूर्ण उतरण्याआधी तेलाचं झाकण कुणी उघडलं तर गरम तेल थेट तोंडावर. मामाने काटा शून्यावर येईपर्यंत झाकणाला हात लावला नाही. तेवढ्या वेळात एका पोराने पाइपमधली उरलीसुरली हवा सोडून शर्टावरची धूळ उडवायला घेतली, तेव्हा मामाने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की धूळ उडालीच. ती हवा कातडीतून आत शिरली तर माणूस दवाखान्यात जातो, हे पोराला धपाट्यानेच कळतं.

गल्लीत शांतता झाली. समोर चाचांनी एका नव्या तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवला, किंचित मागे, किंचित पुढे, आणि तार बोलू लागली. मी कान दिला. काळी तीन, जरा चढी.

"सवय लागली," चाचा म्हणाले. "या आठवड्यातले पाचही तसेच लागलेत. गवयांना कळणार नाही. कळलं तर तुमच्याकडे पाठवतो."

सकाळी ट्रॅक्टर आला. यंत्र जोडलं गेलं. मामाने फाटक वाजवलं. मला वाटलं, माझा निरोप घ्यायला आला. पण त्याने हिला हाक मारली.

"वहिनी, खराट्याच्या चार काड्या द्या की. त्या भोकाला तार घातली की पितळ घासतंय, भोक मोठं होतंय आन् सगळा हिशेब हुकतोय. तुमची काडी बराब्बर मापाची हाय."

हिने पाच दिल्या. एक माझ्या नावाची, असं मुद्दाम सांगून.